टोनी हॉक डॉक्युमेंटरी अपडेट: रफ कट लागला, आता भांडण शून्यानंतरच्या सेकंदांचं

मंडळी, बरेच दिवस काही टाकलं नाही कारण दाखवण्यासारखं हातात काही नव्हतं. आता आहे. रफ कट, म्हणजे कच्चं जोडलेलं एडिट, लागलाय. मधेमधे काळ्या पाट्या आहेत ज्यावर नुसतं "इथं शॉट हवा" लिहिलंय, शेवटच्या भागाचा व्हॉइसओव्हर अजून फोनवर बडबडलेलाच आहे, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून बघता येतं.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात, स्केटबोर्डर टोनी हॉकच्या नावाने निघालेल्या टोनी हॉक्स प्रो स्केटर या व्हिडिओ गेम सिरीजवर डॉक्युमेंटरी करतोय, एकट्याने, नोकरी सांभाळून. या सिरीजची जन्मकथा सांगणारी एक फुल लेंग्थ फिल्म २०२० मध्ये येऊन गेलीये, त्यामुळे टोनी हॉक कसा सापडला, पैशाचं काय ठरलं, गाणी कोणी निवडली हे सगळं पुन्हा उगाळत बसायचं नाही असं पहिल्यापासून ठरलेलं. माझा विषय एकच, स्क्रीनवरचं ते घड्याळ. प्रत्येक रनला, म्हणजे खेळाच्या एका डावाला, दोन मिनिटं. ते आलं कुठून, २००२ ला चौथ्या गेममधून काढलं का, आणि २०२५ च्या रिमेकमध्ये त्याच चौथ्या गेमच्या लेव्हलना परत लावलं तेव्हा लोक एवढे का भडकले.

आधी कॅप्चरचं सांगतो कारण त्यावरच सगळ्यात जास्त प्रश्न येतात. पीएस१ चे, म्हणजे पहिल्या प्लेस्टेशनचे, बहुतेक गेम २४० ओळींचं प्रोग्रेसिव्ह चित्र बाहेर टाकतात. साध्या कॅप्चर कार्डला (कन्सोलचं चित्र कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करणारं यंत्र) ते ४८०आय, म्हणजे एक सोडून एक ओळी पाठवणारं चित्र वाटतं, मग ते त्या ओळी जोडायला (डीइंटरलेस करायला) जातं आणि स्केटर जोरात फिरला की त्याच्या कडा कंगव्यासारख्या फाटतात. त्यामुळे मधे चित्र मोठं करणारा अपस्केलर लागतोच, आणि कॉम्पोझिटची पिवळी वायर सोडून आरजीबी केबल. एडिटिंगची टाइमलाइन ४के (२१६० ओळी) ठेवलीये, यात हौसेचा भाग कमी आणि गणिताचा जास्त, २१६० ला २४० ने भागलं की बरोबर ९ येतात, १०८० ला भागलं की साडेचार, आणि अर्ध्या पिक्सेलचं करायचं काय? ९ पट वाढवलं की प्रत्येक पिक्सेल चौकोनी, स्वच्छ, यूट्यूबच्या कॉम्प्रेशनमध्येही बऱ्यापैकी टिकतो.

"एम्युलेटर वापर ना सरळ" (कॉम्प्युटरवर जुना कन्सोल चालवणारं सॉफ्टवेअर) असं ज्यांनी सुचवलं त्यांच्यासाठी, वापरतोय, पण फक्त समजावून सांगायच्या शॉट्सना. पीएस१ ला व्हर्टेक्सची, म्हणजे ३डी आकाराच्या कोपऱ्याची, जागा पूर्ण पिक्सेलमध्येच धरता येते म्हणून भिंती थरथरतात, आणि टेक्श्चरला, म्हणजे आकारावर चिकटवलेल्या चित्राला, पर्स्पेक्टिव्हचा हिशोब नसतो म्हणून कॅमेरा जवळ गेला की जमीन वाकते. डकस्टेशन या एम्युलेटरमध्ये पीजीएक्सपी ही सेटिंग ऑन केली की हे सगळं सरळ होतं, दिसायला मस्त दिसतं, पण १९९९ ला कोणीच ते तसं बघितलेलं नाही. इतिहास सांगतोय म्हटल्यावर भिंत थरथरलीच पाहिजे, यावर माझ्याशी वाद घालू नका.

आता मूळ मुद्दा. नेव्हरसॉफ्ट या स्टुडिओने सिरीजचा पहिला गेम ॲपोकॅलिप्स नावाच्या त्यांच्याच ॲक्शन गेमच्या इंजिनवर उभा केला, ज्यात हिरो ब्रूस विलिस होता, आणि सुरुवातीच्या प्रोटोटाइपमध्ये बोर्डवर उभा असलेला माणूस म्हणजे चक्क तोच. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. कमी बोललं जातं ते हे, की पहिला विचार बराचसा वरून खाली घसरत जायच्या रेससारखा होता, समोर सेगाचं टॉप स्केटर हे आर्केड मशिन होतं, आणि नंतर टीमच्या लक्षात आलं की मजा उतरण्यात नाहीये, एकाच जागी गोल गोल फिरून ट्रिक मारण्यात आहे. मॉल आणि डाउनहिल जॅम या लेव्हल खेळल्या असतील तर तो जुना विचार अजून दिसतो, तिथे सुरुवात आहे आणि शेवट आहे. वेअरहाऊस या लेव्हलला शेवट नाहीये. शेवट नसलेल्या जागेत खेळणाऱ्याला थांबवणार कोण, तर घड्याळ. आर्केडमध्ये नाणं संपतं, इथे मिनिटं संपतात. माझ्या मते दोन मिनिटांची सगळी जादू इथून येते, जागा मोकळी पण वेळ मोजून, म्हणून लेव्हलभर विखुरलेली स्केट (S-K-A-T-E) ची अक्षरं गोळा करताना लपवलेली सिक्रेट टेप राहते, टेपच्या मागे लागलात की स्कोअर राहतो, आणि मग रीस्टार्ट.

याच भागात २७ जून १९९९ आहे. सॅन फ्रान्सिस्को, एक्स गेम्स ही थरारक खेळांची स्पर्धा, त्यातला बेस्ट ट्रिक प्रकार, टोनी हॉकने ९०० उतरवला, हवेत अडीच गिरक्या. गेम त्यानंतर तीनेक महिन्यांतच आला, आणि त्यात ९०० ही हॉकची स्पेशल ट्रिक आहेच. पण मला हवी असलेली गोष्ट वेगळी आहे, तो उतरला तेव्हा स्पर्धेची ठरलेली वेळ संपून गेली होती. घड्याळ शून्यावर, माणूस अजून रॅम्पवर, एकामागून एक प्रयत्न फसतायत, आणि त्याला थांबवायला कोणी तयार नाही. फुटेज अर्थातच ब्रॉडकास्टरचं आहे, लायसन्सची फी माझ्यासारख्याने विचारूही नये, म्हणून तो प्रसंग मी गेममध्येच उभा करतोय. काळी स्क्रीन, चाकांचा आवाज, मग पीएस१ मधला थरथरता हॉक, तो पडतो, परत चढतो, परत पडतो. मित्राने बघून सांगितलं की खऱ्या फुटेजपेक्षा हे बरं वाटतंय. मित्र आहे म्हणून म्हणाला असेल.

आणि हा प्रसंग घ्यायचं कारण म्हणजे गेमचंही असंच वागणं आहे, हे ज्यांनी खेळलंय त्यांच्या बोटांना माहीत आहे. घड्याळ ०:०० झालं तरी चालू असलेला कॉम्बो, म्हणजे न थांबता जोडलेल्या ट्रिकची साखळी, गेम तोडत नाही. बोर्ड नीट जमिनीला लागेपर्यंत किंवा तोंडावर आपटेपर्यंत तुम्ही जिवंत. पहिल्या गेममध्ये याचा फार उपयोग नव्हता कारण ट्रिक जोडायला मधे ग्राइंड, म्हणजे रेलवर किंवा कठड्यावर घासत जाणं, सापडावा लागायचा, सपाट जमीन आली की खेळ खलास. २००० ला दुसऱ्या गेममध्ये मॅन्युअल आलं, वर-खाली दाबलं की दोन चाकांवर, आणि सपाट जमीनसुद्धा कॉम्बोत आली. २००१ ला तिसऱ्यात रिव्हर्ट, म्हणजे रॅम्पवरून उतरताना बोर्ड गर्रकन फिरवणं, आलं, मग रॅम्पवरून खाली उतरलं तरी साखळी तुटेना. दोन छोटी बटणं, पण त्यांनी घड्याळाचा अर्थच फिरवला, आता शून्य म्हणजे शेवट नाही, शून्य म्हणजे पुढचं सगळं फुकट.

यासाठी दुसऱ्या गेममधला मार्सेल लेव्हलचा एक रन घेतलाय आणि अख्ख्या फिल्ममध्ये हा एकच शॉट आहे ज्याला मी कात्री लावलेली नाही. म्युझिक सेटिंगमधून शून्य केलेलं. ०:०४ ला रेलवर चढतो, ०:०२ ला खाली येऊन मॅन्युअल, बॅलन्स मीटरचा बाण आधीच वेडावाकडा नाचतोय, ०:०० येतं आणि तिथेच थांबतं. त्यानंतर स्क्रीनवर हलणाऱ्या गोष्टी दोनच, तो बाण आणि कॉम्बोतल्या प्रत्येक ट्रिकने वाढणारा गुणाकाराचा आकडा. किकफ्लिप, परत मॅन्युअल, ग्राइंड, परत मॅन्युअल. तीच ट्रिक परत मारली की तिचे पॉइंट घसरत जातात तेही दिसतं, पण गुणाकार वाढतोय म्हणून फरक पडत नाही. व्हॉइसओव्हर इथे टाकून बघितला, काढून टाकला. चाकांची घरघर आणि लाकडावर बोर्ड आपटल्याचा टक्क आवाज, बास.

चौथ्या गेमचा भाग लिहिताना मात्र मी दोन्ही बाजूंनी भांडतोय. टायमर काढला, लेव्हल मोकळी केली, माणसांशी बोला आणि मिशन घ्या, फक्त मिशनपुरतं घड्याळ. तेव्हाच्या मोठ्या लेव्हलना ते शोभलं, आणि त्यातूनच पुढे २००३ चं अंडरग्राउंड आलं, बोर्डवरून उतरून चालायचं, गोष्ट, एरिक स्पॅरो नावाचा डोक्यात जाणारा मित्र. म्हणजे काढलं ते चूक अजिबात नव्हतं. पण त्यानंतर "अजून एकच रन" हे वाक्य हळूहळू बंद पडलं असं मला वाटतं. आयर्न गॅलेक्सी स्टुडिओच्या ३+४ मध्ये, म्हणजे २०२५ च्या त्या रिमेकमध्ये, चौथ्याला परत दोन मिनिटांत कोंबलं, कार्निव्हल लेव्हल गायब, झू लेव्हलची कॉम्पिटिशन करून टाकली, वेळ सेटिंगमध्ये वाढवता येतो पण मिशन देणारी माणसं काही परत येत नाहीत. चौथ्यावर वाढलेल्या एका खेळाडूची मुलाखत घेतलीये, तो फार शांतपणे चिडतो, फिल्ममधली सगळ्यात चांगली मुलाखत तीच.

राइड, श्रेड, एचडी, पाच नंबर हे नंतरचे गेम मी भराभर उरकलेत. राइड-श्रेडसोबतच्या प्लास्टिकच्या बोर्डवर हसून झालंय सगळ्यांचं, आणि २०१५ च्या पाच नंबरचा पहिल्या दिवसाचा पॅच डिस्कवरच्या डेटापेक्षा मोठा होता हे एका पाटीत सांगून पुढे गेलो. नेव्हरसॉफ्टला २०१४ ला इन्फिनिटी वॉर्ड या दुसऱ्या स्टुडिओमध्ये विलीन केलं, व्हायकेरियस व्हिजन्स स्टुडिओने २०२० ला १+२ हा रिमेक एवढा सुंदर करून दिला आणि काही महिन्यांत त्यांनाही ब्लिझर्डमध्ये घातलं, हे मात्र थोडं रेंगाळत ठेवलंय. रागावूनच ठेवलंय.

आवाजाबद्दल दोन गोष्टी, करणाऱ्यांनी लिहून ठेवा. गाणी वापरायची नसतील तर प्रत्येक रन म्युझिक बंद करूनच रेकॉर्ड करा, नंतर एआयने गाणं वेगळं काढू म्हटलं तर चाकांचा आवाज पण सोबत जातो. आणि लांबच्या मुलाखतीत समोरच्याला त्याच्याच फोनवर वेगळा ऑडिओ रेकॉर्ड करायला सांगा, आवाज आणि चित्र जुळवायला सुरुवातीला आणि शेवटी टाळी वाजवायला लावा. शेवटची टाळी लोक विसरतात, आणि व्हेरिएबल फ्रेम रेटवाला (सेकंदाला फ्रेम कमी-जास्त होणारा) व्हिडिओ असला की शेवटाकडे ओठ आणि शब्द वेगळे चालायला लागतात. कॉन्स्टंट करूनच टाइमलाइनवर घ्या.

पुढचं काम म्हणजे व्हॉइसओव्हर नीट माइकवर, मग कलर, जे गेम फुटेजला फारसं करायचं नाहीच. एक अडलंय, पहिल्या गेमची एन६४ (निन्टेंडो ६४) वरची आवृत्ती. कार्ट्रिजमध्ये जागा नाही म्हणून त्यात गाणी कापून टाकलेली, ती पीएस१ च्या शेजारी ठेवून दाखवायचीयेत. कोणाकडे कन्सोल आणि बऱ्यापैकी कॅप्चर असेल तर वेअरहाऊसचा एक पूर्ण रन द्या, फक्त यावेळी म्युझिक चालू ठेवून, आणि शून्य झाल्यावर लगेच रेकॉर्डिंग बंद करू नका.