बुरानोतली उलटी लेस

गोंडोल्यातला फोटो आमच्याकडे नाही. अर्ध्या तासाचे ९० युरो ऐकल्यावर आई म्हणाली, "एवढ्यात आपलं अख्खं कोकण हिंडून होईल," आणि विषय मिटला.

व्हेनिसमधली सकाळ तशी वायाच गेली. सान मार्को चौक साडेनवालाच गणपतीतल्या लक्ष्मी रोडसारखा तुंबलेला. मी उत्साहाने सांगितलं की हा उंच मनोरा १९०२ मध्ये कोसळला आणि १९१२ मध्ये पुन्हा होता तस्सा उभा केला. "म्हणजे जुना नाहीच हा?" एवढं विचारून आईने मान खाली घातली ती घातलीच. मग बोटीने मुरानो. १२९१ मध्ये आगीच्या भीतीने व्हेनिसच्या सगळ्या काचभट्ट्या या बेटावर हलवल्या होत्या. 'फुकट प्रात्यक्षिक' अशी पाटी असलेल्या भट्टीत शिरलो. कारागिराने लाल गोळ्याला चिमट्याने चार हिसके दिले आणि मिनिटभरात घोडा उभा केला. हात खरंच सुंदर चालत होता. पण त्यानंतर सगळ्यांना हाकलत दुकानात नेलं. एक माणूस आमच्या पाठीपाठी फिरत राहिला आणि काही घेत नाही म्हटल्यावर त्याने तोंड फिरवलं. तुळशीबागेत बरं वागवतात.

बुरानो बेटावर पोचेपर्यंत दुपार झाली. रंगीत घरं फोटोत दिसतात तशीच आहेत, चर्चचा मनोरा चक्क कललेला आहे. घराला रंग द्यायचा तर नगरपालिकेची परवानगी लागते म्हणे. गल्लीभर लेसची दुकानं. पहिल्याच दुकानात आईने टेबलावरचा रुमाल उचलला, उलटा केला आणि खणखणीत मराठीत निकाल दिला, "मशीनचं आहे." दुकानातल्या बाईंना मराठी येत नव्हतं, पण निकाल कळला. त्यांनी रुमाल काढून घेऊन घडी घातली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, दुकानात असं नाही करत गं."

"का? मागची बाजू बघितल्याशिवाय घ्यायचं?"

तिला गप्प करायला म्हणूनच लेसच्या संग्रहालयात नेलं. इथे १८७२ ते १९७० लेसची शाळा होती. वरच्या मजल्यावर खिडकीपाशी दोन म्हाताऱ्या काम करत बसल्या होत्या. मांडीवर छोट्या लोडासारखी उशी, तिच्यावर टाचलेला नक्षीचा कागद, हातात साधी सुई आणि केसासारखा दोरा. खाली कापड नाही. टाका टाक्यालाच धरून उभा राहतो, म्हणून या कामाचं जुनं नाव 'पुंतो इन आरिया', हवेतला टाका. एका नक्षीवर पूर्वी अनेक जणी काम करत. एकीने एकच टाका शिकायचा आणि आपला भाग झाला की तुकडा पुढच्या घरी द्यायचा.

आई दहा मिनिटं नुसती उभी. मग तिने पर्समधून गोळ्यांचा डबा काढला, त्याला गुंडाळलेला क्रोशाचा रुमाल सोडवला आणि त्यातल्या एका आजींपुढे धरला. आजींनी सुई उशीत खोचली, चष्मा सारखा केला आणि सगळ्यात आधी रुमाल उलटा केला.

आईने माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही.

आजींचं बोट कडेकडेने फिरत आलं आणि एका फुलाशी थांबलं. नखाने त्यांनी दोनदा टकटक केलं.

"खांबाचे दोन टाके कमी पडलेत तिथे," आई म्हणाली. "रुखवतातला आहे. अठ्ठ्याहत्तर सालापासून कुणाला दिसलं नव्हतं."

त्याच रुखवतातलं मोठं टेबलक्लॉथ नव्या फ्लॅटमध्ये आल्यापासून आमच्या माळ्यावर आहे, कारण आमचं टेबल काचेचं आहे. हे मला तिथे उभं असताना आठवायला नको होतं.

पुढचा तास दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या. माझ्या यादीत खरं तर तोर्चेल्लो बेट होतं, तिथलं ६३९ मध्ये स्थापन झालेलं चर्च, आत शेवटच्या न्यायाचं भलंमोठं मोझेक. ते राहिलं. तळहाताएवढं हातचं फूल विकत घ्यावं म्हणून किंमत विचारली आणि आईनेच मला हाताला धरून बाहेर काढलं. "ती किंमत बरोबर आहे," म्हणाली, "आपल्याला परवडत नाही, एवढंच."

परतीच्या बोटीला ही रांग. दोन बोटी भरून गेल्या, तिसरीत उभ्याने जागा मिळाली. एका भल्या मुलाने आईला बसायला दिलं. गोळ्यांचा डबा तसाच उघडा पर्समध्ये आणि रुमाल मांडीवर.

"काय गं," ती म्हणाली, "इथे चाळीस नंबरचा दोरा कुठे मिळेल?"