डिप्रेशनची गोळी चालू असताना एडीएचडीची गोळी सुरू झाली तर

हल्ली मला बऱ्याच जणी मेसेज करून एकच गोष्ट विचारतात, की तू डिप्रेशनची गोळी घेतेस आणि वरून एडीएचडीचीही (लक्ष टिकत नाही, मन एका जागी राहत नाही, त्यावरची) घेतेस, मग दोन्ही एकत्र चालतात का गं, काही होत नाही का? होतं ना. पण काय होतं ते कुठली गोळी कुठल्या गोळीसोबत आहे त्यावर ठरतं, आणि दिवसातून किती वाजता होतं हे बघायला लागलं की निम्मा गोंधळ तिथेच सुटतो. मी डॉक्टर नाही, हे पेशंट म्हणून लिहितेय. स्वतःचा डोस स्वतः बदलायला यातलं काहीही वापरू नका, प्लीज.

माझं एस्सिटालोप्राम आधीपासून चालू होतं. ती एसएसआरआय गटातली गोळी, म्हणजे मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन जास्त वेळ टिकवणारी. मग एडीएचडीचं निदान झालं आणि मेथिलफेनिडेट सुरू झालं, ते डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनांवर काम करतं. म्हणजे कामं वेगळी, पण त्रास बरेचसे सारखेच. तोंड कोरडं पडणं, घाम, झोप उडणं, हात थरथरणं, पोटात ढवळणं हे दोन्हीकडच्या यादीत आहे, त्यामुळे नेमकं कुठल्या गोळीने होतंय हे पटकन सांगता येत नाही. भूक तर माझी इतकी मेली होती की डबा तसाच घरी यायचा आणि रात्री नऊ वाजता अचानक दिसेल ते खावंसं वाटायचं. आता गोळी घ्यायच्या आधी पोटभर नाश्ता करते, पोहे उपमा काहीही, कारण नंतर जेवणाची आठवणच होत नाही.

जबड्याचं कुणी मला आधी सांगितलंच नव्हतं. मी दिवसभर प्रुफं वाचते, आणि वाचता वाचता कानशिलं ठणकायला लागायची, वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. दातांच्या डॉक्टरांनी दाढा बघून विचारलं, तुम्ही दात खाता का झोपेत? दाढांच्या कडा घासून सपाट झाल्या होत्या. एसएसआरआयने असं होऊ शकतं आणि स्टिम्युलंटनेही (म्हणजे मेथिलफेनिडेटसारख्या, मेंदूला चालना देणाऱ्या गोळीने), आणि दोन्ही चालू असतील तर हे सायकिॲट्रिस्टला सांगायलाच हवं, दातांचा प्रॉब्लेम म्हणून बाजूला ठेवू नका. मला रात्री दातांवर घालायचा गार्ड मिळाला आणि डोस थोडा कमी झाला, कानशिलं दुखायची थांबली.

पण सगळ्यात जास्त घाबरवलं ते दुपारच्या चारने. रोज चारच्या आसपास एकदम उदास वाटायचं, रडू यायचं, कुणी साधं काही विचारलं तरी अंगावर धावून जावंसं वाटायचं, आणि डोक्यात एकच की डिप्रेशन परत आलं, एस्सिटालोप्राम लागू पडत नाहीये. मी सायकिॲट्रिस्ट मॅडमना तसंच सांगितलं. त्यांनी डोस वाढवला नाही, फक्त विचारलं, "हे सकाळी उठल्या उठल्या असतं का?" नाही, सकाळी नसतं. "रविवारी गोळी उशिरा घेता तेव्हा?" तेव्हा संध्याकाळी होतं. म्हणजे ते गोळीचा असर उतरण्याचं होतं, याला रिबाउंड म्हणतात, साध्या मेथिलफेनिडेटचा असर काही तासच असतो आणि उतरताना काहींना असं होतं. डिप्रेशन असं गोळीच्या वेळेप्रमाणे पुढेमागे सरकत नाही. मला औषध अंगात हळूहळू सोडणारी गोळी दिली आणि ते चारचं प्रकरण जवळजवळ गेलं. विचार करा, तिथे डिप्रेशनची गोळी वाढवली असती तर हाती काय लागलं असतं, आणखी घाम आणि आणखी साइड इफेक्ट. म्हणून सगळ्यांना सांगते, त्रास लिहून ठेवाल तेव्हा शेजारी वेळ लिहाच.

आता माझी जोडी त्यातल्या त्यात साधी आहे. २०२४ साली दक्षिण कोरियातल्या सतरा हजारांहून जास्त प्रौढ एडीएचडी पेशंट्सच्या नोंदींचा अभ्यास छापून आला, त्यात मेथिलफेनिडेटसोबत एसएसआरआय घेणाऱ्यांमध्ये दुष्परिणामांचा एकूण धोका वाढलेला दिसला नाही. पण हे वाचून "चालतात की सगळ्या एकत्र" असं कुणी म्हणू नका. माझ्या मैत्रिणीचं बघा, तिला फ्लुओक्सेटिन ही डिप्रेशनची गोळी चालू होती आणि दुसऱ्या ठिकाणी एडीएचडीसाठी ॲटोमोक्सेटिन दिलं, जे स्टिम्युलंट नाही म्हणून "सौम्य" समजलं जातं. आधी काय चालू आहे हे तिला कुणी विचारलंच नाही. तिची छाती धडधडायला लागली, उभं राहिलं की चक्कर, लघवीलाही अडायचं. कारण लिव्हरमधलं जे एन्झाइम ॲटोमोक्सेटिन शरीरातून काढतं, त्यालाच फ्लुओक्सेटिन अडवून ठेवतं, पॅरोक्सेटिन आणि ब्युप्रोपिऑन या डिप्रेशनच्या गोळ्याही तेच करतात. अशा वेळी ॲटोमोक्सेटिनचं शरीरातलं एकूण प्रमाण सहा ते आठपट होऊ शकतं, तेच चाळीस मिलिग्राम पण अंगाला भलतंच काही लागतं. आणि फ्लुओक्सेटिन बंद केलं तरी त्याचा असर काही आठवडे रेंगाळतो, म्हणजे "ती गोळी मी मागच्या महिन्यात सोडली" हेसुद्धा सांगायचंय. मला याचा खरंच राग येतो, दोन मिनिटांचा प्रश्न होता तो.

बीपीचं मशीन घरी असेल तर वापरा. मेथिलफेनिडेटने पल्स सरासरी मिनिटाला तीन ते सहा ठोक्यांनी आणि बीपी दोन ते चार अंकांनी वाढतं, बहुतेकांना ते कळतही नाही, पण सरासरी म्हणजे काहींचं बरंच जास्त वाढतं, आणि व्हेनलाफॅक्सिनसारखी डिप्रेशनची गोळी स्वतःच बीपी वाढवू शकते, ती सोबत असेल तर मोजायलाच हवं. यात भर घालतात सर्दीच्या गोळ्या, आपण मेडिकलमधून सहज आणतो त्या, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांत फेनिलेफ्रिन असतं आणि तेही बीपी वाढवतं. खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि दुखण्यावरचं ट्रामाडॉल हे एसएसआरआयसोबत सेरोटोनिन जास्त वाढवू शकतात, त्यामुळे केमिस्टकडेही सांगायचं की मला अमुक गोळी चालू आहे, लाजायचं नाही. नवीन औषध किंवा वाढवलेला डोस घेतल्यावर काही तासांत, एखाद्या दिवसात खूप घाम, ताप, जुलाब, अंग थरथरणं, स्नायू झटके देणं, भ्रमिष्टासारखं वाटणं असं एकत्र सुरू झालं तर ते सेरोटोनिन फार वाढल्याचं असू शकतं, सकाळची वाट बघू नका, कॅज्युअल्टीत जा आणि सगळ्या स्ट्रिप्स सोबत न्या.

अजून एक जे कुणीच बोलत नाही. एसएसआरआयने सेक्सची इच्छा कमी होते किंवा शेवटपर्यंत पोचायला फार वेळ लागतो, हे खूप कॉमन आहे. बायका गप्प बसतात, नवऱ्याला वाटतं हिला मी आवडत नाही, आणि मग एक दिवस कुणालाही न विचारता गोळी बंद होते. एसएसआरआय अशी अचानक सोडली की चक्कर, डोक्यात करंट गेल्यासारखे झटके, चिडचिड असं सगळं होऊ शकतं. सांगा डॉक्टरांना, पर्याय असतात.

मेथिलफेनिडेट शेड्यूल एक्समधलं, म्हणजे कडक नियमांच्या सरकारी यादीतलं औषध आहे, दोन प्रतींत प्रिस्क्रिप्शन लागतं, एक प्रत केमिस्ट ठेवून घेतो, ऑनलाइन कन्सल्टेशनवर ते लिहून देता येत नाही आणि सगळ्या दुकानांत मिळतही नाही. म्हणून स्ट्रिप संपायच्या आठवडाभर आधीच अपॉइंटमेंट घेत जा. आणि जाताना होमिओपॅथी, आयुर्वेदिक, थायरॉइड, गर्भनिरोधक, जे जे पोटात जातं ते सगळं एका कागदावर लिहून न्या.

घरात कॉलेजच्या वयाचं पोर असेल आणि त्याला नुकतीच डिप्रेशनची गोळी सुरू झाली असेल तर पहिले काही आठवडे लक्ष ठेवा, पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीला किंवा डोस बदलताना आत्महत्येचे विचार वाढू शकतात, ॲटोमोक्सेटिनवर लहान मुलांसाठीही हाच इशारा आहे. असं काही बोलणं कानावर आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, रात्र असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात.