तुम्ही विचारलंत म्हणून: गप्प का नाही बसलात?

"मॅडम, तुम्ही बोलला नसतात तर कोणाला कळलं असतं?" माझ्याच प्रयोगातली चूक मी स्वतः सरांना सांगितली होती, त्याबद्दल दर वर्षी टी.वाय.चं कोणीतरी हे विचारतंच. लग्नकार्यात भेटणारे जुने लॅबमेटही विचारतात. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक तर कौतुक असतं, नाहीतर कीव. मला दोन्ही नको आहेत, म्हणून एकदाच लिहून टाकते.

फळमाशीच्या नरात क्रॉसिंग ओव्हर, म्हणजे गुणसूत्रांतली अदलाबदल, होत नाही, हे आनुवंशिकीतल्या मॉर्गनने १९१२ सालीच सांगितलं. मादीत जोडीतली गुणसूत्रं तुकड्यांची अदलाबदल करतात आणि त्या गाठींच्या आधारानेच पुढे नीट वेगळी होतात. नराकडे ती गाठच नाही, तरी वाटणी चोख. नराची एक्स आणि वाय ही लिंगगुणसूत्रं तर रायबोसोमल आरएनएच्या जनुकांच्या पट्ट्यापुरतीच एकमेकांना धरतात, वेळ झाली की सोडतात. मला याचं वेड होतं. अजून आहे.

या नियमालाही अपवाद आहे. १९७१ साली हिराइझुमी या संशोधकांनी रानमाश्यांच्या वंशातल्या नरांत अदलाबदल दाखवली. त्यामागे पी एलिमेंट, म्हणजे उड्या मारणारे डीएनएचे तुकडे असल्याचं पुढे कळलं. बाप रानातला आणि आई प्रयोगशाळेतल्या जुन्या वंशाची असेल, तर मुलांमध्ये ते तुकडे मोकाट सुटतात. म्हणून मी मार्केट यार्डातल्या कुजक्या केळ्यांवरचे नर धरून आणले आणि आमच्या सिनाबार-ब्राउन माद्यांशी क्रॉस लावला. नुसता सिनाबार बदल असेल तर डोळे शेंदरी, नुसता ब्राउन असेल तर तपकिरी, दोन्ही असतील तर पांढरे. त्यांचे मुलगे पुन्हा सिनाबार-ब्राउन व्हर्जिन माद्यांना दिले. चाळीस बाटल्या, प्रत्येकीत तीन नर, पाच माद्या. अदलाबदल नसेल तर पिल्लांचे डोळे लाल किंवा पांढरे, तिसरा रंगच नाही.

सतराव्या आणि तेविसाव्या बाटलीत मला तिसरा आणि चौथाही रंग दिसला. तपकिरी बारा, शेंदरी अकरा. सर, म्हणजे माझे गाईड, खुर्चीतून उठून माझ्या मायक्रोस्कोपवर वाकले, हे मी चार वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. मोजक्याच बाटल्यांत का, याचं उत्तर तयार होतं: पी एलिमेंटमुळे होणारी अदलाबदल बहुतेक वेळा मायोसिसच्या, म्हणजे शुक्राणू बनवणाऱ्या विभाजनाच्या, आधीच होते, म्हणून एकाच नराच्या पिल्लांत ती घोसाने सापडते. शास्त्र पाठीशी होतं. या दोन बाटल्यांत लाल डोळ्यांच्या माश्या पांढऱ्यांपेक्षा जास्त होत्या. त्यावरही मी वहीत लिहून ठेवलं, 'पांढऱ्या अशक्त असाव्यात.' बाकीच्या अडतीस बाटल्यांत त्या अशक्त नव्हत्या, हे त्याच वहीत, त्याच पानावर होतं.

पोस्टर झालं, टाळ्या झाल्या. मग एका दुपारी, दुसऱ्याच कामासाठी, आईबाप ठेवलेल्या अल्कोहोलच्या नळ्या काढल्या. सतरा नंबरमध्ये लाल डोळ्यांचे तीन 'नर'. पुढच्या पायावर नराला काळा कंगवा असतो. दोघांना होता, तिसऱ्याला नव्हता. पायापर्यंत जायचीही गरज नव्हती, पोटाचं टोकच मादीचं होतं. नुकत्याच बाहेर आलेल्या माश्या फिकट असतात. तेव्हा पोटाच्या रंगावरून नर-मादी ओळखू नये, हे मी स्वतः ज्युनिअर्सना शिकवायचे. त्या दिवशी मला कँटीन बंद व्हायच्या आत उरकायचं होतं. तेविसातही तेच. म्हणजे अदलाबदल झाली होती ती नर समजून टाकलेल्या त्यांच्या बहिणीत, जिथे ती होतेच. लाल का जास्त, तर तिच्या पिल्लांत आई आणि बाप दोन्ही बाजूंनी लाल येत होता.

आता तुमचा प्रश्न. गप्प बसलेच होते की! एकवीस दिवस. नळ्या परत कपाटात, वर दुसरा खोका. तेव्हाची मी आजही वाद घालते: प्रयोग परत लाव, निकाल खरा निघाला तर बोलायची वेळच येणार नाही. तिचं म्हणणं अगदीच चूक होतं असंही नाही. बाविसाव्या दिवशी नवीन आलेल्या मुलीने त्याच नळ्या मागितल्या, कंगवा बघायला शिकायचं होतं तिला. नळ्या तिच्या हातात द्यायच्या आधी मी सरांच्या खोलीत गेले. याला प्रामाणिकपणा म्हणायचं तर म्हणा. सर ओरडले नाहीत. "बरं" म्हणाले आणि समोरचा कागद वाचत राहिले. त्यानंतर माझ्या मायक्रोस्कोपवर ते कधी वाकले नाहीत.

आणि एकोणतिसावी बाटली. तिच्यात एकच तपकिरी माशी होती. तिन्ही बापांना कंगवे आहेत, मी सहा वेळा पाहिलंय. शेजारच्या बाटलीतून उडून आली असेल. बूच सैल असेल. सरांना मी तिच्याबद्दल सांगितलं नाही, पोस्टरवरही ती नव्हती. ती माशी अजून माझ्याकडे आहे, टेबलाच्या खालच्या खणात. दर दिवाळीच्या सुट्टीत तिच्यावर अल्कोहोल ओतते, नाहीतर सुकते.