टेबलावरचा तवा

रविवार, आषाढ. रात्रीचे साडेनऊ.

आज सकाळी आईने थालीपीठ लावले. गेल्या दिवाळीनंतरचे हे पहिलेच. तिचे दोन्ही गुडघे इतके धरतात की ओट्यापाशी दहा मिनिटेसुद्धा तिला उभे राहवत नाही, आणि दादरच्या आमच्या जुन्या घरातले स्वयंपाकघर एवढे अरुंद आहे की ओट्याला लागून खुर्ची ठेवली तर शेगडी थेट तिच्या खांद्याच्या उंचीला येते. त्यामुळे इतके महिने ती भाजी निवडत होती, लसूण सोलत होती, कणीक मळून देत होती, पण तव्यापाशी काही जात नव्हती. वयाच्या ७६ व्या वर्षी तिचा स्वयंपाक सुटला, असे आम्ही सगळ्यांनी आपापल्या मनात धरून टाकले होते. तिला मात्र कोणीच विचारले नव्हते, याची मला आज फार खंत वाटते.

हा इलेक्ट्रिक ग्रिडल, म्हणजे टेबलावर ठेवायचा विजेचा सपाट तवा, खरे तर लेकीच्या हट्टापायी आला. तिला रविवारी पॅनकेक हवे असतात आणि गॅसच्या तव्यावर ते एका वेळी एकच होतात. पहिला खाऊन संपतो तेव्हा कुठे दुसरा उलटायला येतो. लोहार चाळीत दोन-तीन दुकाने फिरून मी हा घेतला. साधारण पन्नास सेंटिमीटर लांब, त्याच्या निम्मा रुंद, अॅल्युमिनियमचा, वर नॉनस्टिकचा थर, आणि एका बाजूला तापमानाची चकती असलेला, काढता-घालता येणारा प्लग. त्यावर १५०० वॅट असे लिहिले आहे. हा आकडा मी दुकानात वाचला होता, पण त्याचा अर्थ घरी आल्यावर समजला.

आमच्या बाहेरच्या खोलीत सगळी सॉकेट ६ अँपिअरची होती. २३० व्होल्टवर १५०० वॅटचे उपकरण साडेसहा अँपिअर वीज ओढते, हे गणित शाळेतले आहे, तरी ते मला त्या वेळी सुचले नाही. मोठी पिन बसेना म्हणून मी कन्व्हर्टर लावला आणि वीस मिनिटांत त्या कन्व्हर्टरला हात लावता येईना. प्लॅस्टिक तापल्याचा वास खोलीभर पसरला. आईनेच तो आधी ओळखला आणि "बंद कर गं आधी ते!" असे ओरडली. दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावून जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीत मीटरपासून वेगळी जाड वायर ओढून १६ अँपिअरचे सॉकेट बसवून घेतले. ज्यांच्या घरचे वायरिंग जुने आहे त्यांनी ग्रिडल घेण्याआधी हा खर्च धरावा, आणि कन्व्हर्टरचा किंवा एक्स्टेन्शन बोर्डाचा मोह टाळावा, असे मी अगदी कळकळीने सांगेन. सॉकेट भिंतीच्या बाजूला असल्यामुळे वायर कोणाच्या पायात येत नाही, हाही एक फायदा झाला.

पहिले दोन रविवार पॅनकेक मनासारखे झाले नाहीत. मिश्रणात चूक नव्हती: एक वाटी मैदा, दोन लहान चमचे बेकिंग पावडर, एक अंडे, पाऊण वाटीहून थोडे अधिक दूध, थोडे वितळलेले लोणी. ते फार घोटायचे नाही, मैद्याच्या बारीक गुठळ्या राहिल्या तरी राहू द्यायच्या, कारण जास्त ढवळले की मैद्यातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाचे जाळे घट्ट होते आणि पॅनकेक चिवट होतो. हे मला ठाऊक होते. तरीही एक पॅनकेक बदामी होई तर शेजारचा पांढराच राही. तेव्हा मी एक सोपी गोष्ट केली. चकती १९० अंशांवर ठेवली, पत्रा तापत असेपर्यंत पेटून राहणारा लाल दिवा विझेपर्यंत थांबले, आणि सबंध पृष्ठभागावर पावाच्या स्लाइस शेजारी शेजारी मांडल्या. तीन मिनिटांनी सगळ्या एकदम उलटल्या, तेव्हा ग्रिडलचा नकाशाच समोर आला. आत विजेची तार जिथून वळते त्या पट्ट्यावर स्लाइस खरपूस झाल्या होत्या, मध्यभागी हलका रंग होता, आणि प्लगपासून लांबच्या दोन कोपऱ्यांत पाव नुसता कोमट झाला होता.

आई हे सगळे खुर्चीत बसून पाहत होती. ती म्हणाली, "म्हणजे इथे थालीपीठ, मध्ये धिरडे, आणि कोपऱ्यात झालेले गरम राहायला." मी आठवडाभर ज्यावर विचार करत होते ते तिने एका वाक्यात मांडले.

आज तिने तसेच केले. टेबलाची उंची तिच्या कोपराच्या जरा खाली येते, त्यामुळे हात उचलावा लागत नाही. ओल्या फडक्यावर भाजणीचा गोळा ठेवून तिने तो थापला, बोटाने मध्ये एक आणि भोवती चार भोके पाडली, फडके दोन्ही हातांनी उचलून तापलेल्या पट्ट्यावर पालथे घातले, आणि भिजल्या बोटांनी वरून हलकेच दाबत फडके सोडवून घेतले. प्रत्येक भोकात तेलाचा एकेक थेंब पडला आणि भोकाच्या कडेने बारीक फेस आला. तिचा हात जराही चाचपडला नाही. मी मात्र श्वास रोखून उभी होते.

त्याच वेळी लेकीने मध्यभागी तीन पॅनकेक घातले, आणि लगेच लाल दिवा पेटला. गार मिश्रण पडले की त्यातल्या पाण्याची वाफ व्हायला पुष्कळ उष्णता लागते आणि ती पत्र्यातूनच जाते. शिवाय जोपर्यंत तळाशी पाणी आहे तोपर्यंत तो भाग शंभर अंशांच्या फारसा वर चढत नाही, मग रंग कुठून येणार? ज्या प्रक्रियेने तो खमंग बदामी रंग आणि वास येतो ती साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरते. ग्रिडलमध्ये गॅससारखी आच एकदम मोठी करण्याची सोय नाही, त्याला वेळच द्यावा लागतो. म्हणून लेकीला मी आता एवढेच शिकवले आहे की सहा जागा असल्या तरी एका वेळी तीनच घालायचे, वरचे बुडबुडे फुटून त्यांची भोके उघडीच राहू लागली की उलटायचे, आणि पुढची खेप दिवा विझल्याशिवाय सुरू करायची नाही. आजचे सगळे पॅनकेक सारख्या रंगाचे झाले. तिने पहिला आजीला दिला, आजीने त्यावर मधाऐवजी गुळाचा पाक आणि साजूक तूप घालून घेतले, आणि अर्धे थालीपीठ लोण्याच्या गोळ्यासह नातीच्या ताटलीत वाढले.

घावन मात्र जमले नाही. आई मूळची मालवणकडची. तांदळाचे ताकासारखे पातळ पीठ कडकडीत तापलेल्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, तव्यावर बाहेरून आत ओतत गेले की जी जाळी पडते, ती या पत्र्यावर पडली नाही. बीड जाड असते, उष्णता साठवून ठेवते आणि पीठ पडताच ती एकदम देते. हा पत्रा हलका आहे आणि पातळ पिठाखाली लगेच थंडावतो. आकडा २२० पर्यंत नेऊनही जाळी आली नाही, आणि नॉनस्टिकचा थर २६० अंशांच्या पुढे खराब होऊ लागत असल्यामुळे त्याहून वर जाण्यात शहाणपण नव्हते. उंडे करून थापलेली भाकरीही इथे व्हायची नाही, कारण तिला फुगायला उघडी आच लागते. आंबोळी चांगली होते. बेसनाचे धिरडे तर तव्यापेक्षा चांगले होते, कारण ते मंद आणि एकसारख्या आचेवर आतपर्यंत शिजते आणि कच्चट राहत नाही. घावनाचा बिडाचा तवा ओट्यावरच राहील, आणि त्याच्यापाशी मी उभी राहीन. पीठ किती पातळ हवे ते आई बाहेरून सांगेल.

एका बाबतीत तिला समजावणे जड गेले. तिचा लोखंडी कालथा, ज्याची धार वर्षानुवर्षे घासून एका बाजूला झिजली आहे, तो नॉनस्टिकवर चालणार नाही. लाकडी उलथणे तिच्या हातात दिले तेव्हा ती काही बोलली नाही, पण पहिले थालीपीठ उलटताना तिने दोनदा त्याची कड बोटाने चाचपून पाहिली. थालीपीठ न तुटता सुटले तेव्हा मान हलवली.

पाऊण तास ग्रिडल चालला. सलग पेटता राहिला असता तर सव्वा युनिटच्या आतच वीज लागली असती, दिवा मध्ये मध्ये विझत असल्यामुळे त्याहूनही कमी. बाहेर पाऊस लागला होता, तरी खिडकी उघडी ठेवावी लागली, कारण टेबलावर ना चिमणी आहे ना पंखा, आणि भाजणीचा धूर घरभर राहतो. निवल्यावर प्लग काढून पत्रा ओल्या कापडाने पुसला. प्लगच्या बाजूला पाणी जाऊ द्यायचे नाही हे आता घरात सगळ्यांना पाठ आहे.

दुपारी आईने विचारले, "या तव्यावर भाजणीची धान्ये भाजता येतील का गं?" काठ बुटका आहे, धान्य ढवळताना बाहेर सांडेल, असे मी म्हणाले. त्यावर ती म्हणाली, "मग मूठ मूठ भाजेन. मला कुठे घाई आहे?" आता मी हे लिहीत असताना ती समोर बसून ज्वारी निवडते आहे. बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ आणि धने वेगवेगळ्या वाट्यांत टेबलावर मांडून झाले आहेत, आणि चकती कुठे ठेवायची ते तिने मला दोनदा विचारून घेतले आहे. १६० वर, असे मी सांगितले.