तो मारत नव्हता

"पाळकसाहेब, सूनबाईंनी वकील गाठलाय. तुम्ही येऊन जरा समजूत घाला." राहुरी तालुक्यातल्या एका गावातून पंचांचा फोन आला. (माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.) आमच्या नगर जिल्ह्यात असं बोलावणं नवीन नाही. इथे ख्रिस्ती मिशनचं काम 1831 पासूनचं. घरात बिनसलं की आधी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, मग पोलीस, ही रीत चांगलीच मुरलेली.

ओसरीवर सतरंजी अंथरलेली, चार पंच, आणि मान खाली घालून नवरा. हा आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, खजिनदार. नगरच्या एमआयडीसीत नोकरी आणि तिथेच एका बाईबरोबर भाड्याची खोली. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. बायको स्टाफ नर्स, नाइट ड्यूटी करून थेट आलेली. सासूबाई उंबऱ्याशी सूप घेऊन बाजरी निवडत बसलेल्या.

प्रार्थना झाली आणि एका पंचांनी बायबलातल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा 19वा अध्याय उघडला. "देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये." वाचताना सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. मी वर्षानुवर्षं हेच बघतोय. हे वचन कोर्टात जाणारीला ऐकवतात, दुसरीकडे जाणाऱ्याला नाही. त्याच अध्यायात तीन वचनं पुढे येशूने व्यभिचाराचं कारण वेगळं काढलंय, पण तिथवर कुणी वाचत नाही.

ती शांतपणे म्हणाली, "वेदीपुढे वचन दोघांनी दिलं होतं ना?"

मी प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सातवा अध्याय काढून वाचायला दिला. पत्नीच्या शरीरावर पतीचा अधिकार आहे, एवढंच लिहून पौल थांबत नाही. लगेच उलट बाजूही लिहितो: पतीच्या शरीरावर पत्नीचा अधिकार आहे. त्या काळात हे लिहिणं म्हणजे काय, याचा विचार करा. पंच वाचून गप्प बसले.

मग नवरा म्हणाला, "चूक झाली माझी. आता विषय मिटवा."

"मिटवू की," मी म्हटलं. "खोली कधी सोडताय?"

त्याचा फोन सतरंजीवर पालथा ठेवलेला होता. नेमका तेव्हाच तो थरथरला. त्याने उचलला नाही, पण हात तिकडे गेला. बायकोने ते पाहिलं, आणि तिच्या सासूनेही.

सूप बाजूला ठेवून सासूबाई बोलल्या. "हेच वचन मलाही वाचून दाखवलं होतं. ह्याच ओसरीवर, सत्याऐंशी साली. ह्याचा बाप असाच." तेव्हा त्या भावाला घेऊन नगरला वकिलाकडे गेल्या होत्या. "वकील म्हणाला, नवरा मारतो का? म्हटलं, नाही. टाकलंय का? म्हटलं, नाही, रोज जेवायला येतो. मग म्हणाला, बाई, नुसत्या बाहेरख्यालीपणावर तुमचं काही होणार नाही. मारत असता तर झालं असतं. आले परत. तो मेला तोवर त्याचं जेवण वाढलं."

वकील खोटं बोलला नव्हता. 1869 च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढंच कारण पुरे होतं. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराला जोडून क्रूरता किंवा दोन वर्षांचा त्याग, असं आणखी काहीतरी दाखवावं लागायचं. मुंबई उच्च न्यायालयाने 1997 मध्ये हा भेद घटनाबाह्य ठरवला आणि 2001 मध्ये संसदेने कायदाच बदलला. पौलाने दोघांना सारखं बांधलं होतं. ख्रिस्ती लोकांसाठी म्हणून केलेल्या कायद्याने एकाची गाठ सव्वाशे वर्षं सैल ठेवली.

मी घटस्फोटाची वकिली करत नाही. बायबलातल्या होशेय संदेष्ट्याने बेइमान बायकोला परत घरी आणलं, यावर मी स्वतः प्रवचनं दिली आहेत. पण होशेयाला ते देवाने सांगितलं होतं, पंचांनी नाही. क्षमा करायची की नाही हे ज्याच्याशी दगा झाला त्याने ठरवायचं, आणि दगा चालूच असताना क्षमा मागणं म्हणजे नुसती सवलत मागणं.

सुनेने सांगितलं की अर्ज ती मागे घेणार नाही. सासूबाई म्हणाल्या, "मी हिच्याबरोबर क्वार्टरवर राहायला जाते." मुलाने "आई" एवढंच म्हटलं. त्या आत जाऊन पिशवी भरू लागल्या.

बाहेर आल्यावर थोरल्या पंचांनी मला बाजूला घेतलं. कोर्टात गेलेल्या बाईला प्रभुभोजन (चर्चमधली पवित्र भाकर आणि द्राक्षारस) द्यायचं का, असा त्यांचा प्रश्न.

"तिला देणार," मी म्हटलं. "खोली सोडेपर्यंत त्याला नाही. आणि दानपेटीच्या किल्ल्याही काढून घ्या."

ते बराच वेळ चपला शोधत राहिले. मग म्हणाले, "अहो, पण महिनाअखेर आहे. रविवारी हिशेब कोण वाचणार?"

"तुम्ही वाचा," मी म्हटलं.