टोमॅटोचं बूड काळं का पडतंय: अखेर दोष ड्रिपरचा निघाला

गच्चीवरच्या टोमॅटोची पहिल्या घोसातली निम्मी फळं गेली. लिंबाएवढी झाली की बुडाला पाणचट डाग, मग तोच काळा आणि चिवट. हा ब्लॉसम एंड रॉट आहे, बुरशी नव्हे. म्हणून आंबट ताक, बुरशीनाशक वगैरे बाजूला ठेवा. चेरी टोमॅटोची झाडं ठणठणीत, त्रास लांबट जातीला. तिला तो लवकर होतोच. कोडं वेगळंच होतं: माती तीच, रोपं तीच, पण जमिनीवरच्या १५×१५ इंची पिशव्या बऱ्या आणि लोखंडी स्टँडवरच्या सगळ्या बाधित.

कॅल्शिअम पाण्याबरोबर वर चढतं. पाणी कमी पडलं की ते पानं ओढून घेतात आणि फळाचं टोक उपाशी राहतं. पानात गेलेलं कॅल्शिअम फळाकडे परत वळत नाही, त्यामुळे पानांवर फवारून काही हाती लागत नाही. अंड्याची टरफलं तर इतकी सावकाश विरघळतात की या हंगामाला उपयोग नाही.

म्हणून ठिबकाच्या प्रत्येक ड्रिपरखाली पेला ठेवून १५ मिनिटांचं पाणी मोजलं. ड्रिपर ताशी ४ लिटरचे, म्हणजे १ लिटर यायला हवं. खालच्या रांगेत ३०० मिली. स्टँडवर कुठे १२०, कुठे जेमतेम ४०! पाण्याच्या ड्रममधली पातळी फ्लोट व्हॉल्व्हने स्लॅबपासून दीड मीटरवर धरलेली, पिशवीचं तोंड ४० सेंमीवर. उरला १.१ मीटर, म्हणजे ०.११ बार दाब. स्टँड त्यातले आणखी ५० सेंमी खातो. या पीसी (दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी देणाऱ्या) ड्रिपरला निदान ०.५ बार तरी लागतो. ते पंपावरच्या शेतासाठी. गच्चीच्या किटमध्ये तेच घालून विकणं मला अजिबात पटत नाही.

ड्रमवर १.२ मिमी छिद्राची मायक्रोट्यूबच बरी. १.१ मीटर दाबउंचीला तेवढीच लांब नळी ताशी साधारण २ लिटर देते, चोंदली तर फुंकून मोकळी होते. स्टँडवर नळी ६० सेंमी ठेवली की हिशोब जुळतो.

थांबा, हे लिहितानाच सुचलं: टोमॅटो स्टँडवर हवेत कशाला? ते खाली दोन-दोन विटांवर घेतो, म्हणजे तापल्या स्लॅबपासून मुळंही वाचतील. वर मेथी जाईल, तिला झारीने पाणी पुरतं. मग सगळ्या नळ्या एकाच मापाच्या. मार्चच्या उन्हात फळावरच्या झाडाला दिवसाला २ ते ३ लिटर लागतं, ते सकाळ-संध्याकाळ विभागून. मातीवर रसवंतीवरच्या चिपाडाचा तीन बोटं थर.

डागाळलेली फळं काढून टाका, ती सुधारत नाहीत. कॅल्शिअम नायट्रेट लिटरला २ ग्रॅम, आठवड्यातून एकदा मुळाशी. त्याच बादलीत सुपर फॉस्फेट किंवा एप्सम सॉल्ट नको, साका धरतो.

दोडक्याची मात्र मजा आहे. फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हाच नर फूल मादीवर टेकवलं. चारही फळं धरली आणि वीतभर वाढली. मांडव आता दोन फुटांनी उंच करायला हवा.