बडबड्या कापडाचा टॉप: माझा अनुभव

कापड लिंबू रंगाचं. त्यावर लाल, काळे आणि निळे टेलिफोन, जुने, गोल डायलचे, वेटोळ्या वायरचे. एकेक फोन तळहाताएवढा. बघितल्याबरोबर तीन मीटर घेतलं आणि मग ते वर्षभर कपाटात पडून राहिलं, कारण कात्री लावायचा धीर होत नव्हता. साध्या कापडाचे टॉप मी बरीच वर्षं शिवते, टीपही सरळ येते. त्यामुळे एकदा धीर झाला की बाकी काही अडणार नाही, असं मी धरून चालले होते.

धुण्यापासून सगळं नीट केलं. ओला पांढरा रुमाल लाल फोनवर घासून पाहिला, रंग सुटत नव्हता. पाण्यातून काढून, वाळवून इस्त्री केली आणि मोजलं तर तीन मीटरमधले बारा सेंटिमीटर गेलेले. सुती कापड पहिल्या धुण्याला आखडतंच, पण शिवलेला टॉप आखडण्यापेक्षा कापड आखडलेलं बरं.

पहिला टॉप मी अगदी सोपा निवडला. बाह्या अंगातच कापलेल्या, मुंढा, म्हणजे बाहीसाठी कापायची गोलाई नाही, बाही बसवणं नाही. खांद्याला जोड तरी कशाला, म्हणून कापड आडवं दुमडलं, घडी खांद्यावर घेतली आणि पुढची-मागची बाजू एकदमच बेतली. एका संध्याकाळी टॉप तयार. घालून घरात मिरवायला गेले तर दादा म्हणाला, "पुढे ठीक आहे गं, पण पाठीवरचे सगळे फोन शीर्षासन करतायत."

घडी खांद्यावर घेतली की एकच कापड पुढून वर चढतं आणि पाठीवरून खाली उतरतं. पुढचे फोन सरळ असतील तर मागचे उलटे होणारच, त्यात कोणाचा इलाज नाही. फुलं इकडेतिकडे विखुरलेली असती तर कोणाला कळलंही नसतं. फोनला मात्र डोकं आणि पाय असतात. अशा एकाच दिशेच्या छपाईत प्रत्येक तुकड्याच्या कागदी नमुन्यावर वर जाणारा बाण काढून तो त्याच दिशेने ठेवावा लागतो. एक तुकडा सुलटा, एक उलटा असं अडकवून कापड वाचवायची सवय सोडावी लागते. पाठ वेगळी कापून खांद्याला जोड दिला असता तर एवढं रामायण झालं नसतं.

आरशासमोर उभी राहिले तेव्हा आणखी दोन गोष्टी दिसल्या. पहिली सांगायला जरा संकोच वाटतो, पण शिवणाऱ्या बायकांना सांगायलाच हवी. दोन लाल फोनच्या दोन गोल डायली नेमक्या छातीवर बसल्या होत्या. मोजूनमापून ठेवल्या असत्या तरी इतक्या नेमक्या बसल्या नसत्या! गोल चित्र असेल तर बेतायच्या आधी कागदावर छातीचा बिंदू काढून ठेवायचा आणि त्याच्याखाली काय येतंय ते बघायचं, हे तेव्हापासून माझ्या बोटांतच बसलंय. दुसरी गोष्ट गळ्याची. आतली पट्टी मी त्याच कापडाची लावली होती. रंग फिकट असल्यामुळे पट्टीवरचा काळा फोन बाहेरून सावलीसारखा दिसत होता, गळ्याशी एखादा जुना डाग असावा तसा.

आणि टक्स, म्हणजे कपडा अंगाला बसावा म्हणून कापड आत दुमडून घातलेली टीप. बगलेखाली घेतलेल्या टक्सने एका निळ्या फोनचा मधला भागच गिळला होता. रिसीव्हर वर, बूड खाली, मध्ये काहीच नाही.

अशा छपाईला कन्व्हर्सेशनल प्रिंट असंही म्हणतात. ओळखू येणाऱ्या वस्तूंची, बघणाऱ्याला काहीतरी बोलायला लावणारी छपाई. मी आपलं त्याला बडबडं कापड म्हणते. पॅरिसमध्ये काम करणाऱ्या फॅशन डिझायनर एल्सा स्कियापारेली यांनी १९३५मध्ये स्वतःबद्दल छापून आलेल्या वर्तमानपत्री कात्रणांची छपाईच कापडावर करून घेतली होती. तो कपडा बेतणाऱ्याची मला आता फार कीव येते. फोन उलटा झाला तर लोक हसून सोडून देतील, पण उलटं वर्तमानपत्र कोण सोडणार?

उरलं होतं एक मीटर अडतीस सेंटिमीटर. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, एकशे दहा सेंटिमीटर. या वेळी ठरवलं की कापड एवढं बोलतंय तर कपड्याने गप्प बसावं. झालर नाही, चुण्या नाहीत, योक (खांद्याशी वेगळा जोडायचा तुकडा) नाही, टक्स नाहीत. सैलसर, आखूड बाह्यांचा, बिनकॉलरचा, पुढून बटणांचा टॉप. पाठ साध्या गडद निळ्या कापडाची, कारण तिथे फोन पुरलेच नसते. गळ्याची पट्टी साध्या लिंबू रंगाची.

बटणांचा टॉप घेतला तिथेच काम वाढवून घेतलं, हे नंतर कळलं. बटणं लावल्यावर दोन्ही पुढचे भाग एकमेकांवर येतात आणि मधोमध एक फोन अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा असा जुळायला हवा. मला आधी वाटलं होतं, कापडाच्या कडा जुळवल्या की झालं. पण कडा जुळवून उपयोग नसतो. जुळवायची ती मध्यरेषा, म्हणजे काजबटणांची रेषा. दोन्ही भाग या रेषेच्या पुढे दोन-दोन सेंटिमीटर जातात, त्यामुळे दोन्ही तुकडे एकाच फोनमधून निघत नाहीत. तोच फोन कापडावर पुन्हा जिथे येतो तिथे जावं लागतं. माझ्या कापडात उभ्या दिशेने दर ३२ सेंटिमीटरवर तेच चित्र परत येत होतं. हे अंतर मोजल्याशिवाय कापड किती लागेल याचा अंदाजच करता येत नाही. जुळवायच्या प्रत्येक तुकड्यामागे जवळजवळ एवढं कापड जास्तीचं धरावं लागतं.

तर केलं ते असं. कापड एकपदरी पसरलं. दुमडलं की खालच्या पदरावर काय चाललंय ते दिसत नाही. नमुन्यासाठी पारदर्शक कागद घेतला, त्यावर मध्यरेषा काढली आणि उजवा भाग ठेवून रेषेवर फोनच्या कडा जिथे जिथे छेदत होत्या तिथे पेन्सिलने खुणा केल्या. रिसीव्हरचं टोक, डायलची वरची कड, डायलची खालची कड, वायरचं पहिलं वेटोळं. उजवा भाग कापला. मग कागद पालथा केला, शेजारच्या तशाच फोनवर नेला आणि चारही खुणा बसेपर्यंत सरकवत राहिले. खुणा बसल्यावरही पाच मिनिटं नुसती बघत उभी होते. कात्री हातात, पण लावायची हिंमत नाही.

मध्येच एक घोळ लक्षात आला. छपाई कापडाच्या उभ्या धाग्याला अगदी समांतर नव्हती, पन्ह्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत फोनची ओळ सेंटिमीटरभर खाली उतरत होती. धाग्याप्रमाणे कापलं तर फोन कलणार, फोनप्रमाणे कापलं तर कपडा धाग्याला तिरका होणार. एवढा थोडा फरक असेल तर मी छपाईच्या बाजूने जाते, कारण बघणाऱ्याला धागा दिसत नाही, फोन दिसतो. फरक जास्त असेल तर ते कापड टॉपला घेऊच नये, धुतल्यावर कपडा अंगावर फिरतो.

खिसा मात्र मजेचा भाग. डाव्या छातीवर खिसा जिथे बसणार तिथे खडूने चौकोन आखला आणि उरलेल्या कापडातला तोच फोन कापून वर ठेवला. फक्त शिलाईचं मार्जिन चारही बाजूंनी आत दुमडून मगच ठेवायचं, कारण चित्र जुळायला हवं ते टिपेवर. तुकडा बोटाने हळूहळू सरकवत होते. फोनला दोन रिसीव्हर दिसत होते, मग दीड, मग एक जाडसर रिसीव्हर, आणि एका क्षणी तुकडा दिसेनासाच झाला. हात उचलला तरी कळेना की कापडावर काही ठेवलंय. तिथल्या तिथे टाचण्या लावल्या आणि मशीनखाली घसरू नये म्हणून कच्चे टाकेही घातले. दोरा लिंबू रंगाचा. फोन तीन रंगांचे असले तरी टीप बरीचशी लिंबू रंगावरूनच जाते.

बाह्यांच्या जोडात मी काहीही जुळवलं नाही. मुंढ्याची गोलाई आणि बाहीची गोलाई वेगळी, तिथे चित्र जुळवायला गेलं की बाही बिघडते. बगलेतही तेच. उजव्या खांद्याच्या टिपेत एका काळ्या फोनचा रिसीव्हर गेला आहे, तो गेला तो गेला.

शिवायला दीड तास लागला. बेतायला दोन दिवस.

काजबटणं संपवून टॉप घातला आणि आईसमोर उभी राहिले. तिने बटणपट्टीवरून बोट फिरवलं, मध्यावरचा लाल फोन कुठे तुटलाय का ते बारकाईने पाहिलं. मग म्हणाली, "सगळं छान जमलंय गं. एवढी मेहनत घेतलीस तर एक खिसा लावायला काय झालं होतं?"

मी डाव्या छातीवरच्या निळ्या फोनच्या आत दोन बोटं घातली आणि तिच्या हातावर खडू ठेवला.